इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांतच बसते? नवी घेण्याआधी हे तपासा

लक्षणं

लाईट गेली की पूर्वी चार तास चालणारं घर आता पाऊण तासात अंधारात जातं. इन्व्हर्टर शिट्टी मारतो, एक पंखा बंद केला की पुन्हा थोडा वेळ चालतो, मग कायमचा गप्प होतो. रात्रभर चार्जिंग होऊनही सकाळी तीच गत. काहींच्या घरी उलटं दिसतं: तासाभरातच ‘बॅटरी फुल’चा दिवा लागतो आणि लाईट गेल्यावर दहा मिनिटांत सगळं संपतं. पाणी महिन्या-दीड महिन्यात खाली जातं. टर्मिनलवर हिरवट-निळी पूड साठते. बॅटरी हाताला गरम लागते, कधी खोलीत सडक्या अंड्यासारखा वास येतो.

शेवटची दोन लक्षणं असतील, तर पुढचं काहीही न करता इन्व्हर्टर बंद करा, त्याचा प्लग काढा, खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा. बाकीच्यांनी वाचत जावं.

मी खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या आसपासच्या गावांत हेच काम गेली बरीच वर्षं करतोय. लोक येतात ते ठरवूनच येतात, ‘बॅटरी गेली, नवी केवढ्याला पडेल?’ मी सांगतो, आधी बघूया. कारण ट्युब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला लागते ती लेड-ॲसिडची, म्हणजे शिसं आणि ॲसिडची, पाणी घालावं लागणारी) नीट सांभाळली तर पाच-सहा वर्षं सहज चालते. दोन वर्षांत बसलेली बॅटरी म्हातारी होऊन बसलेली नसते. ती रिकामी पडून राहिलेली असते, सुकलेली असते किंवा उकाड्यात कोंडलेली असते. हे कारण शोधलं नाही तर नवी बॅटरीसुद्धा दोनच वर्षं टिकते, आणि तिसऱ्यांदा पैसे घालताना माणूस कंपनीला बोल लावतो.

रिकामी पडून राहणं सगळ्यांत वाईट का, ते एकदा समजून घ्या. बॅटरी वापरली जाते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा बारीक थर धरतो. लगेच चार्ज केली तर तो निघून जातो. आठ-पंधरा दिवस तशीच राहिली तर त्याचे खडे होतात. काकवीच्या घागरीत तळाला साखर धरते तसंच. एकदा घट्ट धरली की ती ढवळून काही परत विरघळत नाही. तेवढी प्लेट कामातून गेली.

आता तपासणी. क्रम मोडू नका, आधी फुकटातली.

मागचा स्विच बघा

बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा एक छोटा स्विच असतो. यूपीएसवर ठेवला की इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईट घेतच नाही. नॉर्मलवर ठेवला की शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत घेतो. आपल्याकडे उसाला पाणी सुरू असलं, गावातले सगळे पंप एकदम चालू झाले की घरातला व्होल्टेज १६०-१७० वर येतो. बल्ब लागलेला असतो म्हणून घरच्यांना वाटतं लाईट आहे. इन्व्हर्टरच्या हिशोबाने लाईट गेलेली असते आणि तो बॅटरीवर चालू असतो. मग खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी अर्धी रिकामीच असते.

बेळगुंदीकडच्या एका घरी मी तीन वेळा गेलो तेव्हा हे मला सापडलं. पहिल्या दोन वेळा दुपारी गेलो होतो, तेव्हा व्होल्टेज चांगला होता. तिसऱ्या वेळी संध्याकाळी सात वाजता गेलो आणि मीटर लावला. काकी म्हणाल्या, ‘एवढंच होतं होय?’ एवढंच होतं. घरात कॉम्प्युटर नसेल तर स्विच नॉर्मलवर ठेवा. कॉम्प्युटर असेल तर नॉर्मलवर तो बदलाच्या क्षणी बंद पडू शकतो, हे ध्यानात असू द्या.

लोड मोजा

कागद घ्या आणि लाईट गेल्यावर काय काय चालतं ते लिहा. जुना पंखा ७५ वॅट, एलईडी बल्ब ९ वॅट, टीव्ही ८० च्या आसपास. दोन पंखे, चार बल्ब, टीव्ही आणि वायफाय मिळून पावणेतीनशे वॅट होतात. १५० एएचच्या (ॲम्पिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) चांगल्या बॅटरीवर हे साडेतीन-चार तास चालतं. त्याच लाईनीवर कुणी फ्रिज जोडला, मुलीने मिक्सर लावला, वर आणखी दोन पंखे आले की सहाशे वॅट ओलांडतात आणि बॅकअप दीड तासावर येतो. लोड दुप्पट झाला की वेळ निम्म्याहूनही कमी होते, कारण लेड-ॲसिड बॅटरी जोरात उपसली की तिच्यातून एकूणच कमी निघतं. डब्यावर लिहिलेले १५० एएच हे वीस तासांत सावकाश उपसल्यावरचे असतात, म्हणजे साडेसात ॲम्पिअरने. घरात आपण तीस-चाळीस ॲम्पिअर ओढतो.

इथे एक उपाय आहे जो बॅटरीला हातही न लावता होतो. दोन जुने पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे बसवा. ते ३० ते ३५ वॅट घेतात. नव्या बॅटरीच्या तुलनेत पैसे कमी लागतात आणि रोजचं बिलही उतरतं.

जागा

बॅटरी कुठे ठेवलीय? जिन्याखाली बंद कपाटात, पत्र्याच्या माडीवर, की देवघराच्या खाली? २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. खानापूर-जांबोटीकडे उन्हाळा सौम्य असतो, पण अथणी-रायबागकडे एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय होतं ते तिथल्यांना सांगायला नको. बॅटरी खाली, सावलीत आणि वारा लागेल अशी ठेवा.

देवघराचं वेगळं कारण आहे. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला तरी तो पेट घेऊ शकतो. वर निरांजन, खाली बॅटरी, मध्ये बंद फळी, ही मांडणी मी दिसेल तिथे हलवायला लावतो. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

पाणी

इथे मात्र सावकाश जा, कारण निम्म्या बॅटऱ्या इथेच मरतात.

आधी इन्व्हर्टर बंद करा आणि प्लग काढा. अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी उतरवून ठेवा. चष्मा असेल तर घाला. आसपास बिडी, उदबत्ती काही नको. मोबाईलच्या टॉर्चने बघा, काडी ओढून कधीच नाही. बादलीभर पाणी आणि खाण्याचा सोडा जवळ ठेवा. ॲसिड फरशीवर सांडलं तर सोडा टाका. अंगावर आलं तर सोडा-बिडा न लावता नुसतं पाणी, भरपूर, पंधरा मिनिटं तरी. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूतच दवाखाना गाठा.

बॅटरीत आत सहा सेल, म्हणजे सहा कप्पे असतात; त्यांच्या सहा तोंडांवर पाण्याची पातळी दाखवणारे सहा फ्लोट असतात. सगळ्यांवर कमाल आणि किमान अशा खुणा असतात. एक वर आणि पाच खाली असतील तर तेही लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पाणी कमी झालं की प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो. उघडा पडलेला भाग चार्ज होत नाही, त्यावर सल्फेट धरतो. उरलेल्या पाण्यात ॲसिड जास्त तीव्र होतं आणि ते खालचा भाग खातं. म्हणजे दोन्हीकडून मार.

फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार, लोह आणि क्लोराईड प्लेटांना कायमचे लागतात. आरओचं पाणीही डिस्टिल्ड नसतं. एसीतून ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण ते धुळीच्या आणि धातूच्या जाळीवरून आलेलं असतं. आमच्याकडे पाऊस मोप, म्हणून कुणी कौलांवरून पडणारं पागोळ्यांचं पाणी धरून घालतात. त्यात शेवाळ, माती, पाखरांची घाण, सगळं असतं. कॅनची किंमत बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही, तिथे काटकसर करू नका.

आणि ॲसिड कधीही घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ‘जरा ॲसिड टाकलं की जोर येतो’ असं सांगणारे अजून भेटतात. जोर येतो, महिनाभर. मग प्लेटा झडतात.

पाणी कधी घालायचं? बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, कारण चार्जिंगमध्ये पातळी थोडी वर येते. आधीच काठोकाठ भरली तर ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकं आधी घाला, रात्रभर चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी बघा. सणाची खूणगाठ बांधा म्हणजे विसरत नाही: संक्रांत, पाडवा, मिरग, चतुर्थी, दिवाळी. मी माझ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो आणि ज्यांनी पाळलं त्यांच्या बॅटऱ्या मला क्वचितच दिसतात.

टर्मिनल

क्लॅम्पवर जी हिरवट-निळी पूड दिसते ती खरोखरच मोरचूद आहे. ॲसिडच्या वाफेने तांब्या-पितळेचं झालेलं कॉपर सल्फेट. ती मध्ये आली की जोडणी सैल होते. तीस ॲम्पिअर जाताना सांध्यात शंभरांश ओहमचा अडथळा जरी आला, तरी ०.३ व्होल्ट आणि नऊ वॅट तिथेच उष्णतेत जातात. इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी उतरली, आणि तो लवकर बंद होतो. बॅटरी भरलेली, घर अंधारात.

इन्व्हर्टर बंद आणि प्लग काढलेलाच असू द्या. आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट. पान्याला दांड्यापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम लागला तर तो क्षणात लाल होतो. कोमट पाण्यात सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, पण व्हेंटची, म्हणजे सेलच्या तोंडांची झाकणं बंद आहेत ना ते बघून, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. पुसा, वाळवा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. ग्रीस नको. वायरीचं रबर कुठे वितळलेलं किंवा काळवंडलेलं दिसलं तर थांबा, ती वायर वायरमनकडून बदलून घ्या.

मीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर सगळीकडे मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवायचा. इथे फक्त बॅटरीच्या बाजूला हात घालायचा, घरच्या लाईनीला नाही.

पूर्ण चार्ज झाल्यावर इन्व्हर्टर बंद करून बॅटरी चार-पाच तास तशीच सोडा, रात्रभर सोडली तर उत्तम. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजलं तर आकडा खोटा मोठा दिसतो. आता १२.५ ते १२.७ आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे ती चार्जच होत नाहीये. साडेदहाच्या आसपास अडकून बसली असेल तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झालाय. एका सेलचे दोन व्होल्ट गेले. अशी बॅटरी परत येत नाही.

मग इन्व्हर्टर लावून चार्जिंग चालू असताना मोजा. काही तासांनी आकडा १४ च्या वर चढला पाहिजे, आणि फुल झाल्यावर साडेतेरा-पावणेचौदाला उतरला पाहिजे. दिवसभर १३ च्या खालीच राहिला तर दोष चार्जरचा असू शकतो. पंधराच्या वर जात असेल तर इन्व्हर्टर बॅटरी जाळतोय, लगेच बंद करा. या दोन्हींत बॅटरी बदलून काहीही होणार नाही.

हायड्रोमीटर

ॲसिड किती घट्ट आहे ते मोजायचं साधन: काचेची नळी, रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. स्वस्त आहे आणि याच्याइतकं खरं कुणी बोलत नाही. एकेका सेलमधून ॲसिड ओढायचं, वाचायचं, परत तिथेच सोडायचं. पाणी घातल्यावर लगेच वाचू नका, पाणी वर तरंगतं आणि आकडा खोटा येतो. एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या.

घरगुती ट्युब्युलर बॅटरी भरली की साधारण १.२४० दाखवते. आमच्या धंद्यात ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. खरी गोष्ट सहा आकड्यांची तुलना करण्यात आहे. पाच सेल बाराशे तीस आणि एक अकराशे वीस असेल, तर तो एक सेल गेलाय, आणि साखळीची ताकद त्या सेलएवढीच. मघाशी पाण्याची पातळी वेगळी दिसलेला सेल बहुधा हाच असतो. सहाही सारखेच खाली, समजा अकराशे ऐंशी, असतील तर सेल जिवंत आहेत. एकतर चार्जिंग पुरत नाही किंवा सल्फेट धरलंय. अशी बॅटरी फेकू नका. दुकानात मोठ्या चार्जरवर कमी करंटने दीड-दोन दिवस समतोल चार्ज (सगळे सेल सारखे भरणारा) दिला की पुष्कळदा बरीच सावरते. फार जुनी नसेल तर हा खर्च करून बघावा. पण हे घरी करू नका. या चार्जमध्ये गॅस भरपूर निघतो, बॅटरी तापते, आणि कुणीतरी तासातासाला बघावं लागतं.

बंद घराची बॅटरी

हा दोष मला दरवर्षी चतुर्थीला भेटतो, म्हणून वेगळा लिहितोय. खानापूरकडची पुष्कळ मंडळी कामाला गोव्यात, पुण्यात असतात. शाळा सुरू झाल्या की घर बंद करून जातात आणि मेन स्विच पाडून जातात. इन्व्हर्टर मात्र चालूच. लोड काही नसला तरी तो स्वतःसाठी दहा-बारा वॅट घेतो, म्हणजे एक ॲम्पिअर. १५० एएचची बॅटरी सहा-सात दिवसांत रिकामी. मग पुढचे दोन-अडीच महिने ती तशीच, काकवीसारखी खडे धरत. गणपतीला घर उघडलं की बॅटरी मेलेली. दोनच पावसाळे पुरतात.

जाताना बॅटरी पूर्ण चार्ज करा, पाणी भरा, इन्व्हर्टर बंद करा आणि निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवा. दोन महिने ती आपली आपण टिकते. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर त्यांना महिन्याने एक दिवस चार्जिंगला लावायला सांगा.

घरात राहणाऱ्यांसाठी: कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसात झाड तारेवर पडलं की लाईट दोन दोन दिवस येत नाही. इन्व्हर्टर एकदा बंद पडला की पुन्हा पुन्हा चालू करून उरलेलं पिळू नका. आणि लाईट आल्यावर पहिला दिवस तिला भरू द्या.

इथे थांबा

बॅटरीची पेटी फुगलीय, ॲसिड गळतंय, वास येतोय, चार्जिंगला पंधराच्या वर व्होल्टेज जातोय, एक सेल मेलाय, किंवा बॅटरीचे सगळे आकडे चांगले असूनही बॅकअप नाही: यांपैकी काहीही असलं तर हात काढा. इन्व्हर्टरचं झाकण उघडू नका. प्लग काढलेला असला तरी बॅटरीवरून तो २३० व्होल्ट बनवतो, आणि आतले कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतात. घरच्या वायरिंगमध्ये इन्व्हर्टरची आणि मेनची न्यूट्रल मिसळली असेल तर ते वायरमनचंच काम.

मेकॅनिकला फोन करताना चार गोष्टी सांगा: बॅटरी किती जुनी, चार-पाच तास तशीच सोडल्यावर व्होल्टेज किती, चार्जिंगला किती, आणि सहा सेलचे सहा आकडे. एवढं सांगणाऱ्याला कुणी उगाच नवी बॅटरी गळ्यात मारत नाही.

नवी घ्यायचीच झाली तर

हल्ली प्रत्येक जण विचारतो, ‘लिथियम घेऊ का?’ लेड-ॲसिडचं रसायन १८५९ सालचं, गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाचं. लिथियम-आयन १९९१ साली बाजारात आली. घरासाठी जी येते ती लिथियम आयर्न फॉस्फेट. पाणी नाही, हायड्रोजन नाही, हजारो वेळा चार्ज होते, आणि तिच्यातलं ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतं. रोज लाईट जाणाऱ्या घराला ती परवडते असं माझं मत आहे. महिन्यातून दोनदाच लाईट जाणाऱ्याने ट्युब्युलरच घ्यावी. पण जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नका. त्यात लिथियमची सेटिंग पाहिजे.

एक नियम मात्र उलटा होतो. लेड-ॲसिडला भरलेलं राहायला आवडतं. लिथियमला महिनोन् महिने काठोकाठ भरून उकाड्यात पडून राहणं सोसत नाही. बंद घरात ती निम्मी भरून, बंद करून ठेवावी. इलेक्ट्रिक स्कूटर आणि मोबाईललाही हेच लागू. भर उन्हातून आल्या आल्या स्कूटर चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. लिथियमचा पॅक घरी उघडायचा नाही, कुठल्याही कारणाने.

छतावर सोलर बसवलेल्यांनाही एक सांगतो, कारण ही तक्रार वाढतेय. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाईनीला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर लाईट गेली की ऊन असूनही बंद पडतं. तो बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलंय. अंधार टाळायचा तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांचंही तेच: वारा सुटतो तेव्हा वीज मिळते, आपल्याला लागते तेव्हा नाही. मध्ये साठवण पाहिजे. पुढे बॅटरी घरोघरी, शेतावर आणि सबस्टेशनलाही येणार, आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस प्रत्येक गावात लागणार.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तो ती फोडतो, ॲसिड गटारात ओततो आणि शिसं चुलीवर वितळवतो. ते शिसं विहिरीत आणि पोरांच्या अंगात जातं. नवी घेताना दुकानात जुनी परत द्या, किमतीत वजावट मिळते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन शिसं पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. पावती मागून घ्या.